मुक्त व्यापार संघटना शिकवायची असेल, तर अँटिग्वापासून सुरुवात करा

मी ऐरोलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात कॉमर्सच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवते. विदेशी व्यापाराचा भाग आला की मुलं साफ्टा (दक्षिण आशिया), एफ्टा (युरोप), कॅरिफ्टा (कॅरिबियन) ही मुक्त व्यापार गटांची नावं पाढ्यासारखी घोकतात आणि पेपर झाला की विसरतात. मला याचं फार वाईट वाटायचं, कारण या नावांमागे माणसांनी केलेली मोठी धडपड आहे. म्हणून मी हा धडा वेगळ्या रीतीने घ्यायला लागले. तुम्ही वर्ग घेत असाल किंवा घरी भाचीला शिकवत असाल, तर ही रीत करून बघा. दोन तास लागतात.

पहिलं म्हणजे व्याख्या लिहू नका. फळ्यावर रस्ता काढा. एका बाजूला ठाणे, दुसऱ्या बाजूला मुंबई आणि मधे मुलुंडचा नाका. आजच्या मुलांना टोलनाका माहीत असतो, जकात नाका नाही. टोल रस्त्याचा आणि जकात मालाची, हा फरक आधीच सांगून टाका, नाहीतर पुढे सगळा घोळ होतो.

मी इथे बाबांची गोष्ट सांगते. त्यांचा टेम्पो होता. कळव्याहून माल भरून ते मुंबईत जायचे आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी केबिनमध्ये बसून सोबत जायची. नाक्यावर रांग लागलेली असायची. मालात काय आहे, कुठून आला, बिल कितीचं, एवढं विचारून झालं की पावती फाटायची. बाबा त्या पावत्यांना रबर लावून काचेवरच्या झापेत खोचून ठेवायचे. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर संपली. बाबांनी शेवटची पावती जपून ठेवली आहे. ती मी वर्गात फिरवते. शाई उडत चालली आहे, पण मुलं ती हातात घेतात तेव्हा 'आयात कर' हा शब्द पहिल्यांदा खरा होतो.

आता मुलांना एक कोडं घाला. समजा, बाहेरून येणाऱ्या मालावर ठाणे २ टक्के जकात घेतं आणि मुंबई ५ टक्के (आकडे मनाचे आहेत, तसं सांगा). दोघांनी ठरवलं की आपल्या दोघांमधला नाका काढून टाकू. बाहेरच्या मालावर मात्र ज्याने त्याने आपापल्या दराने घ्यावं. आता नाशिकहून ट्रक निघाला आणि त्याला मुंबईला जायचंय. तो काय करेल?

थांबा. उत्तर देऊ नका. माझ्या वर्गात दोन मिनिटांच्या आत कोणीतरी ओरडतंच, "मॅडम, तो ठाण्यात दोन टक्के भरेल आणि मग फुकटात मुंबईत शिरेल!" आपसातला कर काढायचा आणि बाहेरच्यांवर ज्याचा त्याचा ठेवायचा, हीच मुक्त व्यापार संघटना, आणि तिचं सगळ्यात अवघड दुखणं मुलांनी स्वतः शोधून काढलेलं असतं. आता 'उगम नियम' हा शब्द फळ्यावर लिहा. म्हणजे काय, तर नाका काढला तो फक्त ठाण्यात बनलेल्या मालासाठी. मग लगेच पुढचा प्रश्न येतो: ठाण्यात बनलेला म्हणजे किती बनलेला?

इथून कॅरिबियन समुद्रात उडी मारा.

नकाशा लावा आणि अँटिग्वा शोधायला सांगा. सापडत नाही, वेळ द्या. मग सांगा की हे बेट साधारण २८० चौरस किलोमीटरचं आहे. सिडकोने नवी मुंबईसाठी जे क्षेत्र आखलं, ते ३४४ चौरस किलोमीटर. म्हणजे ऐरोलीपासून उरण-पनवेलपर्यंतच्या आपल्या पसाऱ्यात अख्खं अँटिग्वा मावून वर जागा उरेल. असल्या बेटावर साबणाचा कारखाना काढला तर साबण विकायचा कुणाला? प्रश्न तसाच लटकत ठेवा.

आता गोष्ट सांगा, पण सनावळीच्या यादीसारखी नको. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या बेटांनी १९५८ मध्ये एक संघराज्य केलं होतं. जमैकाने १९६१ मध्ये सार्वमत घेऊन बाहेर पडायचं ठरवलं आणि १९६२ मध्ये संघराज्य मोडलं. राजकीय संसार असा मोडल्यावर तीन वर्षांनी, १५ डिसेंबर १९६५ रोजी, अँटिग्वाच्या डिकिन्सन बे इथे तीन माणसं एकत्र आली: बार्बाडोसचे एरल बॅरो, ब्रिटिश गयानाचे फोर्ब्ज बर्नहॅम आणि यजमान व्ही. सी. बर्ड. बर्ड हे कामगार संघटनेतून वर आलेले नेते. त्या तिघांनी कॅरिबियन मुक्त व्यापार संघटनेच्या, म्हणजे कॅरिफ्टाच्या, करारावर सह्या केल्या.

इथे थांबून एक गोष्ट ठासून सांगा, कारण बहुतेक गाइडांत ती नसते. त्या दिवशी तिघांपैकी एकही देश स्वतंत्र नव्हता. गयाना मे १९६६ मध्ये स्वतंत्र झाला, बार्बाडोस त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आणि अँटिग्वा तर थेट १ नोव्हेंबर १९८१ ला. झेंडा यायच्या सोळा वर्षं आधी या बेटाने प्रादेशिक व्यापार कराराचं यजमानपद केलं आणि सहीही केली. मला हा भाग शिकवताना दर वर्षी भरून येतं आणि मी ते लपवत नाही.

अँटिग्वाची सही का मोलाची, हे माझं मत म्हणून सांगते. बार्बाडोस आणि गयाना दोघेच असते तर तो दोघांचा सौदा झाला असता. तिसरं, सगळ्यात चिमुकलं बेट बसल्यावर बाकीच्या चिमुकल्यांना दार उघडं असल्याचं दिसलं. करार लगेच अमलात आणला नाही, बाकीच्यांनीही यावं म्हणून थांबले. १ मे १९६८ ला कॅरिफ्टा सुरू झाली तेव्हा त्रिनिदाद-टोबॅगोही सोबत होता. जुलैत डॉमिनिका, ग्रेनाडा, सेंट लुसिया वगैरे छोटी बेटं आली, ऑगस्टमध्ये जमैका आणि माँटसेरात, आणि १९७१ मध्ये ब्रिटिश होंडुरास, म्हणजे आजचा बेलीझ.

आता 'किती बनलेला' हा मघाचा प्रश्न सोडवा. कॅरिफ्टात ठोकळ नियम असा होता की बाहेरून आणलेल्या मालाची किंमत निर्यात किमतीच्या ५० टक्क्यांहून जास्त नको. वर्गात शर्ट घ्या. अँटिग्वात शिवलेला शर्ट १०० डॉलरला विकला, त्यात ६० डॉलरचं कापड बाहेरचं. नापास. कापड ४५ चं असेल तर पास. एकदा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, बटणं ६ डॉलरची असली तर?" पंचेचाळीस अधिक सहा, एक्कावन्न. एका बटणाच्या पुडीवर शर्ट अडला. तिने स्वतःच हिशोब केला आणि अख्खा वर्ग गप्प झाला. बटणं बेटावरच बनवली तर, असं मग दुसरा कोणी म्हणतो, आणि असा नियम कारखाने का खेचून आणू पाहतो हे वेगळं शिकवावं लागत नाही. शिवाय ठराविक कच्च्या मालाची एक यादी होती. त्यातला माल बाहेरून आणला तरी तो स्थानिक धरायचे.

छोट्यांना सवलत कशी दिली, हे शिकवायला क्रिकेट वापरा. कॅरिफ्टात चार देश 'अधिक विकसित' मानले होते: जमैका, त्रिनिदाद, गयाना, बार्बाडोस. बाकीचे 'कमी विकसित'. राखीव यादीतल्या, म्हणजे ज्याचा कर लगेच न काढता हळूहळू काढायचा होता अशा, मालावरचा कर उतरवायला चौघांना पाच वर्षं आणि छोट्यांना दहा. आता भारताचा १९७१ चा वेस्ट इंडीज दौरा आठवा, ज्यात गावसकरांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या. कसोट्या झाल्या किंग्स्टन (जमैका), पोर्ट ऑफ स्पेन (त्रिनिदाद), जॉर्जटाउन (गयाना) आणि ब्रिजटाउनला (बार्बाडोस). तेच चार देश! अँटिग्वाला पहिली कसोटी मिळाली १९८१ मध्ये. ही यादी मुलं जन्मात विसरत नाहीत. कॅरिफ्टा हे नाव आज कशात उरलंय विचारलं तर सांगा, धावण्याच्या स्पर्धांत. कॅरिफ्टा गेम्स १९७२ पासून होतात आणि उसेन बोल्ट पोरवयात तिथे धावला आहे.

फायदे सांगून थांबू नका. कारखाने मोठ्या बेटांवर होते, त्यामुळे वाढलेला व्यापारही बराचसा त्यांच्याकडे गेला आणि छोटी बेटं तक्रार करत राहिली. त्यांनी जून १९६८ मध्येच आपली वेगळी पूर्व कॅरिबियन सामायिक बाजारपेठ उभी केली. कॅरिबियन विकास बँकही याच काळात आली, १९७० मध्ये, बार्बाडोसला.

दुसऱ्या तासाच्या शेवटी मी फळ्यावरचा नाका पुसत नाही. १९७३ मध्ये त्रिनिदादमध्ये चागुआरामासचा करार झाला आणि कॅरिफ्टाच्या जागी कॅरिकॉम, म्हणजे कॅरिबियन समुदाय ही संघटना, आली. तिच्यात बाहेरच्या मालावरही सगळ्यांचा दर एक ठेवायचं ठरलं. म्हणजे नाशिकच्या ट्रकला ठाण्यात आणि मुंबईत सारखीच जकात. १ ऑगस्ट १९७३ ला ते चार मोठेच आत गेले. अँटिग्वा आलं ४ जुलै १९७४ ला. गेल्या वर्षी घंटा झाली तरी एक मुलगा दारात उभा राहून विचारत होता, "पण मॅडम, पहिली सही ज्यांच्या घरी झाली ते एक वर्ष मागे का राहिले?" मी त्याच्या हातात खडू दिला आणि म्हटलं, ठाण्याचे २ टक्के पुसून ५ लिही, आणि ठाण्यात नाशिकचा कांदा कितीला पडेल ते उद्या काढून आण.