खाऱ्या हवेत मध्येच बंद पडणारी गाडी: दोष कसा शोधायचा

बंद पडणारी गाडी गॅरेजच्या दारात नेली की शहाण्यासारखी चालते. म्हणून दोष पकडायचा तर रस्त्यावर, ती बंद पडत असतानाच्या खुणांवरून. इथली माहिती एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) पेट्रोल इंजिनाच्या, मॅन्युअल गिअरच्या छोट्या गाड्यांसाठी आहे. डिझेलचं गणित वेगळं.

इंजिन थंड होतं की तापलेलं, टाकीत पेट्रोल किती होतं आणि बंद पडताना नेमकं काय झालं, हे तिथल्या तिथे टिपून ठेवा. बटण दाबून दिवा विझवावा तसं इंजिन एका क्षणात गेलं, तर दोष बहुधा विजेचा. आचके देत, ताकद सोडत गेलं तर पेट्रोलचा. चालताना ठणठणीत आणि रेल्वे फाटकाशी उभी केली की बंद, तर हवेचा, म्हणजे आयडलिंगचा (गाडी उभी असताना ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू राहण्याचा).

आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे दाखवणाऱ्या) काट्यावरही लक्ष ठेवा. गाडी गिअरमध्ये असेल आणि क्लच दाबलेला नसेल, तर बंद पडलेलं इंजिनही चाकांच्या जोरावर फिरत असतं. तरीही काटा धाडकन शून्यावर आला, तर इंजिन फिरतंय हे ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, कळतच नाहीये. अशा वेळी क्रँक सेन्सर (इंजिनाचं फिरणं ईसीयूला कळवणारा), त्याची वायर किंवा ईसीयूचा सप्लाय बघा. काटा वेगाबरोबर हळूहळू उतरला तर पेट्रोल किंवा स्पार्ककडे वळा. मुद्दाम हे करून बघायला घाट निवडू नका. कुंभार्ली किंवा आंबा घाटात उतरताना इंजिन गेलंच, तर स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतात. चावी काढू नका आणि ब्रेक पंप न करता एकदाच दाबून धरा.

किनाऱ्यावरच्या गाडीत पहिला संशय अर्थिंगवर, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला बॉडी आणि इंजिनाशी जोडणाऱ्या वायरवर, घ्यावा. दापोली असो की वेंगुर्ला, खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून बोल्टाखाली गंज आणि लगखाली (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) हिरवट-पांढरा खार धरतात. वरून सगळं घट्ट दिसतं. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि तिथून इंजिनाला किंवा गिअरबॉक्सला जाणारी जाड वायर वा विणलेली पट्टी शोधा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, खुद्द शिशाच्या खांबावर) आणि दुसरं इंजिनाच्या स्वच्छ धातूवर टेकवा. दुसऱ्या माणसाला सेल्फ (स्टार्टर) मारायला सांगा. ०.५ व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थ खराब आहे. मग निगेटिव्ह आधी सोडवून १० नंबरच्या पान्याने अर्थचे बोल्ट काढा, लग आणि बॉडीची जागा धातू चकाकेपर्यंत पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी लावलीत तर तिच्यात रेती चिकटते. टर्मिनलवरचा खार कपभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून धुवा; ते पाणी बॅटरीच्या झाकणात जाऊ देऊ नका. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत.

त्याच बैठकीत वायरिंग चाचपा. इंजिन आयडलला ठेवून एकेक कनेक्टर आणि हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवून बघा, पंखा आणि बेल्टपासून हात लांब ठेवून. जिथे हलवल्यावर इंजिन अडखळेल, तिथेच दोष. चाकरमान्यांच्या वर्षातून दोनदा निघणाऱ्या गाड्यांत उंदीर हमखास: कुरतडलेली इंजेक्टरची वायर आणि एअर फिल्टरच्या डब्यात काथ्याचं घर. गाडीशेजारी सुकी मासळी साठवली असेल, तर वायरिंग कितीदा बदलाल?

तापल्यावर बंद पडते आणि १५-२० मिनिटांनी जणू काही झालंच नाही अशी सुरू होते, हे क्रँक सेन्सरचं ठरलेलं लक्षण. बंद पडताच सेन्सरवर ओलं गार फडकं ठेवा. लगेच सुरू झाली तर उत्तर मिळालं. स्कॅनरवर (ईसीयूतले दोषांचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) पी ०३३५ कोड आला तर खात्री पक्की, पण सेन्सर बदलण्याआधी त्याच्या कनेक्टरमधला खार बघाच.

आयडलला बंद पडणाऱ्या गाडीत थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप असलेला भाग) उघडा. झडपेच्या कडेला काळं किटण असेल, तर क्लीनर फडक्यावर घेऊन पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर चावी चालू ठेवून झडप बोटाने ढकलू नका. नंतर एसी बंद ठेवून इंजिन काही मिनिटं आयडलला चालू द्या. तापलेलं इंजिन बहुतेक गाड्यांत ७५० ते ८५० आरपीएमवर स्थिरावतं. पीसीव्हीची (इंजिनाच्या आतली वाफ परत ओढून घेणारी) रबरी नळी तडकली असेल तर फुसफुस ऐकू येते. पेट्रोल भरल्या भरल्याच बंद पडत असेल, तर कॅनिस्टर पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप) उघडा अडकलाय का बघा; पंपावर कट-ऑफनंतर ‘अजून थोडं’ भरून घ्यायची सवय याला हातभार लावते.

पेट्रोलच्या बाबतीत सगळे पंप बदलायला धावतात, आणि तोच महाग भाग. आधी ऐका: चावी ‘ऑन’ केल्यावर मागच्या सीटखाली दोनेक सेकंद घूं-घूं व्हायला हवी. नाही झाली, तर त्याच नंबरचा हॉर्नचा रिले (विजेवर चालणारा स्विच) पंपाच्या रिलेच्या जागी लावून बघा. आवाज येतो तर गेज लावून प्रेशर मोजून घ्या. बहुतेक छोट्या गाड्यांत ते ३ ते ४ बारच्या दरम्यान असतं. ते बरोबर असेल तर पंपाला हात लावू नका. फक्त वळणांवर आचके येत असतील आणि टाकी तळाला असेल, तर पंप हवा खेचतोय. पाव टाकी तरी भरलेली ठेवा. पाण्याचा संशय असेल, तर मेकॅनिककडून काचेच्या बाटलीत पेट्रोल काढून पंधरा मिनिटं ठेवा, तळाशी वेगळा थर दिसतो.

फक्त पावसातच मिसिंग होऊन (एखादा सिलिंडर ठिणगी चुकवून) बंद पडत असेल तर बहुधा स्पार्क प्लगच्या खळग्यात पाणी साचलंय. कॉइल काढून कोरडं करा. मात्र रस्त्यावर भरलेल्या पाण्यातून जाताना बंद पडली असेल, तर एकदाही सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढा आणि प्लग काढून बघितल्याशिवाय चावी फिरवू नका.