इराणी हॉटेलच्या थाटात दुपारचा चहा
आठ जणांसाठी १ लिटर दूध मंद आचेवर पाऊण लिटर होईपर्यंत आटवा. बुडाला लागू नये म्हणून ढवळत राहा. दुसऱ्या पातेल्यात पाऊण लिटर पाणी, ८ चमचे चहा पावडर आणि तेवढीच साखर घालून घट्ट झाकण ठेवा, २० मिनिटं मंद उकळा. घाईने आच वाढवली की कडवट होतो. दोन्ही एकत्र उकळलंत, तर रोजचाच घरचा चहा झाला! कपात आधी निम्मा कोरा चहा गाळायचा, वरून दूध.

बनमस्क्याचं मीठवालं लोणी तासभर आधी बाहेर काढा. गार लोण्याने पाव फाटतो. लोणी पार कडेपर्यंत लावा, इथे कंजुषी नको. सोबत खारी, मावा केक.

चौकटीचा टेबलक्लॉथ, काचेच्या बरण्यांत नानकटाई, १९६०च्या दशकातली हिंदी गाणी. बशा हव्यातच, फुरके मारायला.