एकाच वेळी अनेक स्टार्टअप्सची ईए: नव्याने येणाऱ्यांसाठी

अर्धवेळ एक्झिक्युटिव्ह असिस्टंट (ईए, म्हणजे फाउंडरचं कॅलेंडर, मेल आणि मीटिंगा सांभाळणारी व्यक्ती) म्हणून तीन-चार स्टार्टअप्स एकदम सांभाळता येतील का, असं विचारणाऱ्यांनी बहुतेक वेळा हिशेब आधीच मांडलेला असतो. एका फाउंडरला आठवड्याला दहा तास, म्हणजे चौघांना चाळीस. पण ते दहा तास सरासरीचे असतात. फाउंडर गुंतवणूक उभी करायला निघाला की दहाचे पंचवीस होतात, आणि ही धावपळ कित्येक महिने चालते. तिमाही संपली की बोर्ड मीटिंगाही सगळ्यांकडे मागेपुढेच येतात. त्यामुळे किती कंपन्या घ्यायच्या, हे सगळ्यात वाईट आठवडा डोळ्यांपुढे आणून ठरवा. मी तीनच्या पुढे जात नाही.

नव्या फाउंडरशी बोलताना मी पगाराआधी एक गोष्ट विचारते: येत्या सहा महिन्यांत तुम्ही पैसे उभारणार आहात का? दोन कंपन्या एकाच वेळी गुंतवणूकदारांच्या भेटी घेत असतील, तर त्या दोन्ही मी एकत्र घेत नाही. एक अजून प्रॉडक्ट घडवण्यात बुडालेली आणि दुसरी थोडी स्थिरावलेली, ही जोडी चांगली जमते, कारण त्यांच्या घाईच्या वेळा वेगळ्या असतात.

स्पर्धक कंपन्या एकत्र घ्यायच्या नाहीत, हे कुणीही सांगेल. त्याहून अवघड प्रसंग गुंतवणूकदारांचा असतो. एकच फंड तुमच्या दोन फाउंडर्सशी बोलत असतो आणि दोन्ही कॅलेंडरं तुमच्यासमोर उघडी असतात. एकाला तो फंड नकार देणार, याची कुणकुण तुम्हाला दुसऱ्याच्या इनबॉक्समधून लागू शकते. अशा वेळी गप्प राहणं एवढंच पुरेसं नसतं. ‘त्यांच्या ऑफिसशी माझी ओळख आहे, मी बघते’ हे सहज, मदतीच्या भावनेनं बोललेलं वाक्यसुद्धा दुसऱ्या कंपनीची माहिती बाहेर नेतं. एका कंपनीच्या कामातून झालेली ओळख दुसरीच्या कामाला वापरायची नाही, हा नियम मी पहिल्याच बोलण्यात फाउंडरला सांगते. काहींना तो जाचक वाटतो. पण आपली माहितीही अशीच जपली जाईल हे लक्षात आल्यावर तेच फाउंडर निर्धास्त होतात. गुप्ततेच्या करारावर सही करताना तुम्ही इतर कंपन्यांचंही काम करता, हे त्यात स्पष्ट लिहून घ्या. काही करारांत दुसरीकडे काम करायलाच मनाई असते, आणि ते कलम शेवटच्या पानावर सापडतं.

भिंती मनात असतात तशा मशीनमध्येही हव्यात. प्रत्येक कंपनीसाठी ब्राउझरचं वेगळं प्रोफाइल ठेवा, प्रत्येकाचा रंग वेगळा. त्यामुळे एका कंपनीचं डेक (गुंतवणूकदारांना दाखवायचं सादरीकरण) दुसरीच्या मेलला जोडलं जाण्याची शक्यता खूप कमी होते. फाउंडरनं पासवर्ड दिला तरी घेऊ नका. जीमेलमध्ये डेलिगेट म्हणून जोडून घ्या. डेलिगेटला मेल वाचता, पाठवता, काढून टाकता येतात, पासवर्ड बदलता येत नाही, आणि तुमचं काम संपलं की फाउंडर तुमचा प्रवेश लगेच बंद करू शकतो. बाकीच्या खात्यांसाठी पासवर्ड मॅनेजरमध्ये कंपनीनिहाय वेगळा व्हॉल्ट, म्हणजे कुलूपबंद कप्पा, ठेवा.

कॅलेंडरबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती दर वर्षी कुणाला तरी नडते. अमेरिकेत घड्याळ उन्हाळ्यासाठी मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातं, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधल्या काळात न्यूयॉर्क आणि लंडनमधलं अंतर पाचऐवजी चार तासांचं असतं. शरद ऋतूत पुन्हा एक आठवडा असाच जातो: युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागे घेतो, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. दर आठवड्याची मीटिंग ज्या शहराच्या वेळेवर बांधलेली असेल तिथे ती जागेवर राहते आणि दुसऱ्या टोकाला सरकते. तेव्हा त्या आठवड्यांतल्या सगळ्या मीटिंगा आधीच तपासून ठेवा. बाहेरच्या माणसाला वेळ सुचवताना त्याच्या शहराची वेळ लिहा, गणित त्याच्यावर सोडू नका.

पहिल्या पंधरवड्यात फाउंडरकडून तीन याद्या काढून घ्या: तुम्ही न विचारता ठरवायच्या गोष्टी, ठरवून मग कळवायच्या गोष्टी, आणि विचारल्याशिवाय हात लावायचा नाही अशा गोष्टी. कोणाचा फोन आला तर मीटिंग मोडायची, हेही त्यातच येऊ द्या. नाहीतर दिवसभर ‘हे करू का?’ विचारत बसाल, आणि तिघांना असं विचारताना कुणाचंच काम धड होणार नाही. संध्याकाळी प्रत्येकाला चार ओळींचा निरोप पाठवा: काय झालं, कुणाच्या उत्तराची वाट आहे, फाउंडरचा निर्णय कशावर हवा. दिवसभराचे सुटे सुटे मेसेज यानं खूप आटोक्यात येतात.

पैसे शक्यतो रिटेनरवर, म्हणजे महिन्याच्या ठरावीक रकमेवर घ्या. तासांची वरची मर्यादा, त्यापुढच्या तासांचा दर आणि किमान महिन्याभराची नोटीस लेखी ठेवा. उत्तर किती वेळात मिळेल हेही लिहा. मी ‘कामाच्या त्याच दिवशी’ असं लिहिते. नुसत्या शेअर्सवर काम करायला मात्र नाही म्हणा. कंपनी चालेल की नाही हे फाउंडरलाही माहीत नसतं, आणि तुमचं महिन्याचं भाडं थांबत नाही.

कंपनी वाढली की ती पूर्णवेळ ईए ठेवते. ते तुमचं काम चांगलं झाल्याचंच लक्षण असतं. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक कंपनीची कार्यपद्धती लिहीत राहा: प्रवासाचं बुकिंग कसं करायचं, बोर्डाचे कागद कधी पाठवायचे, कोणत्या सदस्याला सकाळच्या मीटिंगा चालत नाहीत. नव्या माणसाला ते सगळं सोपवा आणि त्याच्यासोबत एखादा आठवडा काम करा. मोकळी झालेली जागा मात्र लगेच भरू नका. उरलेल्या फाउंडर्सना पुढच्या तिमाहीत काय येतंय ते विचारा आणि मगच नवा करार हातात घ्या.