आयरिश सणाच्या जेवणासाठी स्टाउट कशी निवडावी

स्टाउट बीअरचा काळा रंग बघून ती जड आणि कडक असणार असं वाटतं. प्रत्यक्षात डब्लिनच्या गिनेस ड्राफ्ट या स्टाउटमध्ये अल्कोहोल असतं ४.२ टक्के, म्हणजे बऱ्याच सोनेरी लागर बीअरपेक्षाही कमी. काळेपणा येतो तो काळपट होईपर्यंत भाजलेल्या जवामुळे, आणि कॉफीसारखा कडवटपणाही त्यातूनच. तेव्हा रंगावर न जाता लेबलावरची टक्केवारी वाचा.

त्याआधी मात्र जेवण ठरवा. १७ मार्चला, सेंट पॅट्रिक्स डे या आयरिश सणाला, बेकन-कोबी किंवा मटण, बटाटा आणि कांद्याचा स्ट्यू होतो. नाताळात दक्षिण आयर्लंडमधल्या कॉर्क शहराकडे मसाल्यात मुरवलेलं बीफ असतं आणि शेवटी मनुका-बेदाण्यांचं पुडिंग.

मग मुख्य पदार्थाची जोडी लावा. मटणाच्या स्ट्यूची चरबी जिभेवर रेंगाळते. ती साफ करायला कोरडी, म्हणजे गोडसर नसलेली, कडवट स्टाउट हवी. गिनेस चालेल, पण मी कॉर्कची बीमिश घेईन. तिची भाजकी चव रश्शात हरवत नाही. बेकन-कोबी सौम्य जेवण आहे, तिथे कॉर्कचीच मर्फीज बरी, कारण ती मऊ आणि कमी कडवट लागते. मसालेदार बीफलाही तीच द्या. सुरुवातीला कालवं असतील तर पुन्हा कोरडी स्टाउट. खारट कालवं आणि भाजके जव ही आयर्लंडची जुनी, अप्रतिम जोडी आहे.

पुडिंगपाशी बाटली बदलाच. हलकी स्टाउट गोडापुढे पाणचट लागते. कार्लो परगण्यातली ओ'हाराज लिआन फॉलॉन (६ टक्के) किंवा गिनेस फॉरिन एक्स्ट्रा (७.५ टक्के) पुडिंगसमोर ठाम उभी राहते. ही छोट्या ग्लासात, थोडीच वाढा आणि वीस-पंचवीस मिनिटं आधी फ्रीजबाहेर काढा. फार गार असली की चव दबते.

गिनेस ड्राफ्टचा कॅन मात्र चांगला गार हवा. आतल्या छोट्या गोळीतून नायट्रोजन सुटतो आणि साईसारखा फेस धरतो. गरम कॅन उघडला की तो फसफसून बाहेर येतो. ग्लास तिरका धरून ओता, तळापासून वरपर्यंत काळी होईपर्यंत थांबा, मग वाढा.

स्ट्यूमध्ये स्टाउट घालणार असाल तर हलकीच घाला आणि रस्सा फार आटवू नका, कडवटपणा वाढतो. गाजर आणि कांदा जरा जास्त घेतला की तो सावरतो.