बंद पडलेल्या बीटामॅक्समधून आईचा आवाज परत मिळाला

बीटामॅक्स हे व्हिडिओ कॅसेटचं तंत्र १९७५ मध्ये बाजारात आलं, पुढच्याच वर्षी त्याचं प्रतिस्पर्धी व्हीएचएस. आम्ही बीटामॅक्स घेतलं, कारण चित्र जास्त स्वच्छ दिसायचं. ते मत माझं आजही तेच आहे. रेकॉर्डर बनणं २००२ मध्ये थांबलं, कोऱ्या कॅसेटी २०१६ मध्ये. पण आमच्या बारा कॅसेटींत आई होती, त्यामुळे मशीन टाकवेना.

परवा कॅसेट घातली तर नुसती घरघर, टेप ओढलीच जाईना. प्लग काढून झाकण उघडलं. आतला रबरी पट्टा विरघळून डांबरासारखा झाला होता. बोट लावलं की तार सुटायची. पुलीच्या खाचेतला तो चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढण्यात अख्खी दुपार गेली. तो जरा जरी राहिला तर नवा पट्टा घसरतो. मापासाठी पुल्यांभोवती दोरा गुंडाळला आणि त्याहून किंचित आखूड पट्टा बसवला.

टेप फिरली, पण पडद्यावर नुसत्या मुंग्या. फिरत्या ड्रमवरची हेड्स, म्हणजे टेपवरचं चित्र वाचणारे बारीक भाग, मळली होती. शॅमॉय लेदर (मऊ चामडं) अल्कोहोलमध्ये भिजवून स्थिर धरायचं आणि ड्रम हाताने हळू फिरवायचा. वर-खाली अजिबात घासू नका, हेड तुटतं. कापूसही नको, तंतू अडकतात.

एका कॅसेटवर पांढरी बुरशी होती. ती लावलीच नाही, कारण बुरशी मशीनमधून बाकीच्या टेपांवर जाते. उरलेल्या अकरा कॅसेटी कॅप्चर कार्डाने, म्हणजे व्हिडिओ संगणकात उतरवणाऱ्या उपकरणाने, संगणकात घेतल्या. तिसरीत आई दिसत नाही, फक्त आतून ओरडते, "दार लाव रे!" मलाच.