दमून गेलेल्या माणसाने ख्याल कसा ऐकायचा

घरात मोठं आजारपण होऊन गेलं, कोणी गेलं, नोकरी सुटली, की त्यानंतर एक विचित्र काळ येतो, धावपळ संपलेली असते पण डोकं काही थांबत नाही. पुस्तक उघडलं तर तीच ओळ परत परत वाचतोय, सिरीज लावली तर कोण कुणाचा कोण लक्षात राहत नाही. अशा वेळी माझं सांगणं एकच, विलंबित ख्याल, म्हणजे अगदी संथ लयीत गायलेलं शास्त्रीय गाणं, ऐका. शास्त्रीयातलं ओ की ठो कळत नसलं तरी चालतंय.

विलंबित एकताल नावाच्या तालात १२ मात्रांचं (ठोक्यांचं) एक आवर्तन, म्हणजे एक फेरी, व्हायलाच बऱ्याचदा पाऊण मिनिट लागतं, कधी त्याहून जास्त. बंदिशीचे, म्हणजे गायच्या रचनेचे, शब्द दोन-चार ओळींचे, आणि गाणारा सुरुवातीला बराच वेळ षड्जाच्या (‘सा’च्या) आसपासच रेंगाळत असतो. म्हणजे पुढे काय झालं हे लक्षात ठेवायची कटकट नाही, मधे मन भरकटून परत आलं तरी काही चुकलेलं नसतं. थकलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे!

तयारी फार नाही. रेकॉर्डिंग आधीच डाउनलोड करून ठेवा, नाहीतर आलाप रंगात आलेला असताना मधेच साबणाची जाहिरात येते आणि सगळा विचका होतो. फोन पालथा. हेडफोनपेक्षा स्पीकर बरा, आवाज तानपुरा जेमतेम ऐकू येईल एवढाच. आडवं पडून ऐकलं तरी चालेल, झोप लागली तर लागू दे, रडू आलं तर तेही येऊ दे.

राग कुठला? दुपारी भीमपलास, संध्याकाळी यमन, रात्री बागेश्री, एवढ्यावर सुरुवातीचे आठवडे आरामात निघतात. मारवा मात्र सध्या लांबच ठेवा. त्यात पंचम (‘प’) नाहीच आणि षड्जावरही फार कमी टेकतात, त्यामुळे आधीच जीव टांगणीला लागलेल्या माणसाला तो अजून कासावीस करतो (राग अप्रतिम आहे हो, पण नंतर ऐका). गायक म्हणाल तर मी अमीर खाँसाहेबांपासून सुरू करायला सांगेन, त्यांच्याइतकं सावकाश क्वचितच कोणी गायलंय.

मन फारच भरकटत असेल तर गाणं सोडा, तबला धरा. एकतालाचा ठेका (तबल्याचे ठरलेले बोल) असा, धिं धिं धागे तिरकिट तू ना क त्ता धागे तिरकिट धी ना. यात तिरकिट दोनदा येतं, चौथ्या मात्रेला आणि दहाव्या मात्रेला. दुसरं तिरकिट ऐकू आलं की सावध व्हायचं, मग धी, मग ना, आणि पुढच्या धिं वर सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, तिथे मांडीवर हलकी थाप द्यायची. आधी चुकेल, मग एखाद्या दिवशी तुमची थाप आणि गाणाऱ्याचा मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) बरोब्बर एकत्र पडतो आणि तोंडातून आपसूक वाहवा निघते. बऱ्याच दिवसांत कशालाच दाद दिलेली नसते ना आपण.

गायक कुमार गंधर्वांना ऐन उमेदीत टीबी झाला, देवासला पाच-सहा वर्षं गाणं बंद, एक फुप्फुस जवळपास निकामी. त्या पडून राहण्याच्या काळात त्यांनी आसपासच्या बायकांची माळवी लोकगीतं कान देऊन ऐकली, आणि पुढे त्यातूनच त्यांचे धुनउगम (लोकधुनांतून उगम पावलेले) राग आले. आपण काही कुमारजी नाही, आपल्याकडून नवीन राग वगैरे कोणी मागत नाहीये, तेव्हा नुसतं ऐकलं तरी पुष्कळ.

हां, पण आठवडेच्या आठवडे झोप नाही, जगावंसंच वाटत नाही असं असेल तर आधी डॉक्टर, यमन त्याच्या सोबतीला.

जरा उभारी आली की प्रत्यक्ष मैफलीला जा. पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव होतो, डिसेंबरात, पण गर्दी नको वाटत असेल तर आधी गावातल्याच एखाद्या म्युझिक सर्कलची छोटी बैठक गाठा. मागे, दाराजवळ बसा, म्हणजे नको झालं तर दोन बंदिशींच्या मधे गुपचूप उठता येतं.