बायनॉक्युलरमधून लघुग्रह कसा ओळखायचा

लघुग्रह बघायला मोठा टेलिस्कोपच लागतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. वेस्टापासून सुरुवात करा. सव्वापाचशे किलोमीटर रुंदीचा हा सगळ्यात तेजस्वी लघुग्रह, प्रतियुतीच्या, म्हणजे आकाशात तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येण्याच्या सुमारास त्याची दृश्यप्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितका मंद) 6 च्या आगेमागे असते, 10 बाय 50 ची (10 पट मोठं दाखवणारी, 50 मिलिमीटर भिंगाची) बायनॉक्युलर आरामात पुरते. प्रतियुती 16-17 महिन्यांनी येते, तोच काळ धरा आणि चंद्र नसलेली रात्र निवडा.

जागा स्टेलॅरियम या आकाशनकाशाच्या ॲपमध्ये बघून घ्या, पण आधी त्यातला लघुग्रहांचा डेटा अपडेट करा, नाहीतर भलतीकडेच शोधत बसाल.

खरी मेख पुढे आहे. बायनॉक्युलर बरोबर जागी नेली तरी डझनभर ठिपके दिसतात आणि वेस्टा कुठला ते काही केल्या कळत नाही. मीपण इथेच लई अडकलोय. "जो लुकलुकत नाही तो लघुग्रह" हा सल्ला सगळीकडे फिरतो, तो साफ चुकीचा आहे, बायनॉक्युलरमध्ये वेस्टा ताऱ्यासारखाच बिंदू दिसतो. तो ओळखू येतो फक्त त्याच्या सरकण्यावरून. 1801 च्या 1 जानेवारीला इटलीतल्या खगोलशास्त्रज्ञ पियाझीला सेरेस हा पहिला लघुग्रह दिसला तोही असाच, पुढच्या रात्रींना ठिपक्याने जागा बदलली म्हणून.

म्हणून चित्र काढा. मोबाइल बाजूला ठेवा, लाल टॉर्च घ्या. आधी चार-पाच ठळक तारे मांडा, त्यांचा त्रिकोण किंवा चौकोन नीट जमला की मगच बारीक ठिपके भरा, आणि अंतर त्या त्रिकोणाच्या बाजूच्या मापात लावा, म्हणजे "अर्ध्या बाजूएवढं, जरा डावीकडे" असं. नकाशा समोर ठेवून चित्र काढू नका, जिथे वेस्टा हवा तिथे डोळे आपोआप ठिपका शोधून देतात. आणि पहिल्याच रात्री सापडला म्हणून नाचू नका.

दोन-तीन रात्रींनी त्याच वेळेला परत बघा, वेळ बदलली की सगळा भाग कलतो आणि चित्र जुळवताना घोळ होतो. प्रतियुतीला वेस्टा रोज साधारण पाव अंश सरकतो, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्या रुंदीएवढा, त्यामुळे तीन रात्रींत फरक उघड दिसतो. बाकी सगळे जागच्या जागी आणि एकच हललेला, तोच वेस्टा. प्रतियुतीपासून दीड-दोन महिने लांब असाल तर मात्र तो जवळजवळ थबकलेला असतो, तेव्हा हा खटाटोप करूच नका.

वेस्टा जमला की सेरेस घ्या, तो जास्त मंद आहे, अंधारी जागा लागेलच.